एका भागाची दहा मते

अमुक एका अमेरिकन कंपनीच्या संस्थापकाने आपले भाग विकले, अशी वार्ता वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर अधूनमधून झळकते आणि प्रत्यक्ष धन्यालाच आपल्या पेढीचा भरवसा उरला नाही, असा तर्क बाजारात लगोलग बांधला जातो. परंतु ज्या सरकारी कागदावरून ती वार्ता उचललेली असते, तो मुळापासून वाचण्याची तसदी घेणारे फार थोडे. हा कागद म्हणजे 'फॉर्म ४'. कंपनीचे संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि एखाद्या वर्गाचे दहा टक्क्यांहून अधिक भाग बाळगणारे भागधारक यांना आपल्या खरेदीविक्रीची खबर १९३४ च्या रोखे-विनिमय कायद्यान्वये अमेरिकेच्या रोखे-विनिमय आयोगाच्या दप्तरी दाखल करावी लागते, आणि २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यापासून तिला कामकाजाच्या अवघ्या दोन दिवसांची मुदत आहे.

घोटाळा होतो तो भागांच्या वर्गांमुळे. गूगलची मातृकंपनी अल्फाबेट हिच्या 'ए' वर्गाच्या भागाला एक मत, संस्थापकांच्या हाती एकवटलेल्या 'बी' वर्गाच्या भागाला दहा मते, आणि २०१४ साली वाटलेल्या 'सी' वर्गाच्या भागाला मुळीच मत नाही. नफ्यातील वाटा मात्र तिन्हींचा सारखाच. 'बी' वर्गाचा बाजारात व्यवहार होत नसल्याने तो विकू इच्छिणाऱ्याला आधी त्याचे 'ए' वर्गात रूपांतर करावे लागते. समजा, एका संस्थापकाने असे दहा हजार भाग बदलून घेऊन विकले: फॉर्मच्या पहिल्या कोष्टकात रूपांतराची एक ओळ येईल, तिच्याखाली विक्रीची दुसरी, आणि व्यवहारानंतरच्या शिलकेच्या रकान्यात शून्य. उतावळा वाचक येथेच कागद मिटतो. वास्तविक ते शून्य केवळ 'ए' वर्गापुरते असते. उरलेले लक्षावधी 'बी' भाग परिवर्तनीय रोख्यांच्या दुसऱ्या कोष्टकात नोंदलेले असतात, आणि ते हवे तेव्हा एकास एक या प्रमाणात बदलता येतात हा तपशील बारीक अक्षरांतील तळटिपेत असतो. खुद्द धन्याच्या नावावरचे भाग कोणते आणि कौटुंबिक विश्वस्त निधीमार्फत धारण केलेले कोणते, हेही तेथेच उलगडते. त्याच संस्थापकाने 'सी' वर्गाचे भाग विकले असते, तर पैसा हाती येऊनही त्या भागांबरोबर त्याचे एकही मत गेले नसते.

मतांची ही विषम वाटणी आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. मुंबईच्या टाटा मोटर्सने २००८ साली एक-दशांश मताधिकाराचे आणि पाच टक्के अधिक लाभांशाचे 'ए' साधारण भाग काढले होते. ते २०२४ साली रद्द होऊन दहा भागांमागे सात साधारण भाग देण्यात आले. अल्फाबेटमध्ये थोर मताचा वर्ग 'बी', तर येथे उण्या मताचा वर्ग 'ए' होता. तेव्हा नुसत्या अक्षरावर कोणी विसंबू नये.

बर्कशायर हॅथवे या अमेरिकन कंपनीचे प्रकरण तर याहून विलक्षण आहे. तिच्या एका 'ए' भागाचे पंधराशे 'बी' भाग होतात, मात्र 'बी' भागाचे मत 'ए' भागाच्या दहाहजारांश. तिचे बडे भागधारक वॉरेन बफे २००६ पासून धर्मादाय संस्थांना 'बी' भाग देत आले आहेत, आणि त्यासाठी 'ए' भागांचे रूपांतर करतात. त्या पंधराशे भागांचे मूल्य मूळ भागाइतकेच राहते, मते मात्र एकावरून शून्य पूर्णांक पंधरा शतांशावर येतात, आणि ही घट अशी की ती मते दान घेणाऱ्याच्या पदरीही पडत नाहीत.