मिक्स सुधारलंय, की नुसता आवाज वाढलाय?

होस्टेलच्या खोलीत लॅपटॉप, एक स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन एवढ्यावर गाणी करणारे आता बरेच जण भेटतात. दिवसा लॅब किंवा लायब्ररी, रात्री रीपर नाहीतर एफएल स्टुडिओ. या मंडळींची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. व्हिडिओ बघून झाले, प्लगइन घेऊन झाले, दोन वर्षं झाली, तरी आपण सुधारतोय की नाही हेच कळत नाही. मित्रांना ऐकवलं तर ‘भारी झालंय’ किंवा ‘बेस वाढव थोडा’ याच्यापुढे गाडी जात नाही.

माझ्या मते यातला मोठा भाग कानाच्या तयारीचा नाहीच, मोजमापाचा आहे. मोजपट्टीच दर वेळी बदलत असेल तर उंची वाढली की नाही ते कळणार कसं? संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी हा विषय मुद्दाम घेतला आहे, कारण लॅबमध्ये ज्या चुका महिन्यांनी उघड होतात त्याच इथे एका संध्याकाळी, फुकटात बघायला मिळतात.

पहिला गोंधळ आवाजाच्या पातळीचा. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. आज यासाठी आयएसओ २२६ हे मानक आहे. त्यानुसार १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला १०० हर्ट्झच्या सुराला साधारण ६४ डेसिबल लागतात. म्हणजे २४ डेसिबलचं अंतर! पण एकूण आवाज वाढवत नेला की हे अंतर कमी होत जातं. म्हणून तेच गाणं मोठ्याने लावलं की त्याचा खालचा भाग आपोआप भरीव वाटायला लागतो. गाण्यात काहीही बदललेलं नसतं.

आता गंमत बघा. एखाद-दुसऱ्या डेसिबलची वाढ आपल्याला ‘आवाज वाढला’ अशी जाणवतेच असं नाही. ती ‘गाणं उघडलं’, ‘जवळ आलं’, ‘दम आला’ अशी जाणवते. आणि कॉम्प्रेसर, सॅच्युरेशन, ईक्यूमधला एखादा उंचवटा, ही सगळी साधनं वापरली की बहुधा पातळी थोडी वरच जाते. मग तुम्ही प्लगइन बंद-चालू करून बघता, चालू असताना बरं वाटतं, आणि मनाशी नोंद होते की हे प्लगइन चांगलं. ही नोंद चुकीची असू शकते, आणि पुढची शंभर गाणी तुम्ही तिच्यावर बांधता. सराव भरपूर होतो, पण तो भलत्याच गोष्टीचा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. तुलना करायच्या दोन्ही आवृत्त्या आधी एका पातळीवर आणायच्या. त्यासाठी लाउडनेस मीटर वापरा. आयटीयूने २००६ मध्ये बीएस.१७७० ही मोजण्याची पद्धत ठरवली, तिच्यावर चालणारे मीटर फुकट मिळतात आणि आकडा एलयूएफएसमध्ये देतात. दोघांतला फरक ०.२ डेसिबलच्या आत आणा आणि मग ऐका. पुष्कळ ‘सुधारणा’ इथेच गळून पडतात. शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवा नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतात. लिमिटर दाबून मिळवलेला मोठेपणा तिथे परत काढून घेतला जातो, राहतो तो फक्त चेपलेपणा.

पातळी जुळवली तरी दुसरी अडचण उरते. कोणती फाइल कोणती आहे हे तुम्हाला माहीत असतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीतल्याच ४० जणांना स्पीकर ऐकायला लावले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत असताना मोठे, महागडे स्पीकर जास्त गुण घेऊन गेले. पडदा आल्यावर ते अंतर आटलं. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, आणि पडद्याआड ऐकणाऱ्यांना तो फरक कळतही होता. तेच स्पीकर दिसायला लागल्यावर मात्र लोक या खऱ्या फरकाकडेही फारसं लक्ष देईनासे झाले. म्हणजे माहिती असल्याने नसलेलं ऐकू येतं हे तर झालंच, पण असलेलं ऐकू येईनासंही होतं.

घरी याची तोडकीमोडकी नक्कल करता येते. रूममेटला सांगा, नाणं उडवून ‘अ’ किंवा ‘ब’ लाव आणि काय लावलं ते कागदावर लिही. तुम्ही पाठमोरे बसून ओळखायचं. १६ वेळा करा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के आहे, त्यामुळे १२ आले तर फरक ऐकू येतोय असं मानायला हरकत नाही. ९ आले तर? इथे नवखे संशोधक घाई करतात. ‘फरक ऐकू येत नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. समजा तुम्ही खरोखर दहापैकी सात वेळा बरोबर ओळखू शकता. तरीही १६ च्या फेरीत १२ चा टप्पा गाठण्याची तुमची शक्यता फक्त ४५ टक्के आहे. अर्ध्याहून जास्त वेळा चाचणी तुम्हाला नापास करेल, कारण ती लहान आहे. सांख्यिकीच्या तासाला ‘पॉवर’ म्हणून जे शिकवतात ते हेच. आणि फरक ओळखता आला म्हणजे कुठलं चांगलं ते ठरलं असंही नाही, तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

तिसरी गोष्ट गाण्याच्या शब्दांची. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक ध्वनी कापून त्या जागी खोकला टाकला. ऐकणाऱ्या बहुतेक सगळ्यांना शब्द अख्खा ऐकू आला, खोकला नेमका कुठे होता तेही सांगता येईना. मेंदू संदर्भावरून भोक बुजवतो. आता विचार करा, स्वतःच लिहिलेलं, तीनशे वेळा ऐकलेलं गाणं मिक्स करताना काय होत असेल. गायकाचा आवाज पेटीखाली गाडला गेला तरी तुम्हाला प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येणार, कारण ते तुम्हाला पाठ आहे. कितीही सराव केला तरी या एका बाबतीत स्वतःच्या कानावर भिस्त ठेवता येत नाही. इथे दुसऱ्याचाच कान लागतो.

पण दुसऱ्याकडून अभिप्राय मिळाला म्हणजे फायदाच होतो, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. क्लूगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या अभ्यासांचे ६०७ परिणाम एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायामुळे कामगिरी उलट घसरली होती. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उठून माणसाच्या स्वतःच्या प्रतिमेवर गेलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. यात कौतुकही आलं बरं का, फक्त टीका नाही. हे अभ्यास मिक्सिंगवरचे नाहीत, तेव्हा आकडा उचलून इथे चिकटवू नये. पण ‘तुझा कान तयार आहे’ आणि ‘तुला अजून जमत नाही’ ही दोन्ही वाक्यं गाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत, एवढं तर दिसतंच.

मग सांगायचं कसं? समजा मित्राने गाणं पाठवलं. ‘व्होकल दबलाय, तीन डेसिबल वाढव’ असं लिहिण्याऐवजी असं लिहून बघा: ‘१ मिनिट १० सेकंदाला पेटी सुरू झाली की कडव्याची दुसरी ओळ मला कळली नाही. फोनच्या साध्या इअरफोनवर ऐकलं, बसमध्ये.’ यात जागा आहे, काय झालं ते आहे, आणि कशावर ऐकलं तेही आहे. उपाय नाही, आणि तो मुद्दाम नाही. लक्षणाच्या बाबतीत ऐकणारा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो, निदानाच्या बाबतीत नसतो. शब्द न कळण्याचं कारण व्होकलची पातळी असेल, पेटी त्याच पट्ट्यात बसली असेल, रिव्हर्ब लांब असेल, किंवा गायकाने ती ओळच पुटपुटली असेल. प्रोजेक्ट फाइल ज्याच्यासमोर उघडी आहे त्याला ते शोधू द्या. तर्क द्यायचाच असेल तर वेगळ्या ओळीत, ‘माझा अंदाज’ असं म्हणून द्या. डग्गा आणि बेस गिटार एकमेकांत मिसळून गढूळ होतायत असं वाटलं तर ‘खाली गढूळ वाटतंय, फोनवर नाही, हेडफोनवर’ एवढंही पुरेसं कामाचं आहे.

मागणाऱ्यानेही थोडं कष्ट घ्यावेत. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी एक ठरावीक प्रश्न विचारा, आणि तोही ऐकून झाल्यावर. आधी विचारलात तर तुम्ही त्याचं लक्ष तिकडे वळवलंत. शब्द कळतात का हे बघायचं असेल तर त्याला कडवं लिहून काढायला सांगा. चुकलेल्या शब्दांना अभिप्रायाची गरज नसते.

आणि हा मित्र एकदाच वापरता येतो. एकदा त्याने शब्द वाचले की त्याचाही कान तुमच्यासारखाच झाला, दुरुस्त केलेली आवृत्ती त्यालाच पाठवून ‘आता कळतंय का?’ विचारण्यात अर्थ नाही. तेव्हा ओळखीत गाणं न ऐकलेले पाच जण असतील तर पाचही जणांना पहिल्याच रात्री लिंक पाठवू नका. पहिल्या मिक्ससाठी दोन, दुरुस्तीनंतर दोन, आणि एक जण शेवटच्या फाइलसाठी राखून ठेवा.