मोटर नव्हे, करंट बघा

अबू धाबीच्या अल रीम आयलंडभोवती आखाताचं खारं पाणी. उन्हाळ्यात तेही तिशीच्या पुढे तापलेलं. इथे मोठी आरसी बोट सोडायची तर स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी, जपून निवडावा.

आयएनएस विक्रांत (२६२ मीटर) १:१४४ प्रमाणात केली, तर मॉडेल सुमारे १.८२ मीटरचं होतं. मूळ जहाजाला दोन शाफ्ट, म्हणून मॉडेललाही दोन मोटर आणि दोन ईएससी. रिसीव्हरकडे जाणाऱ्या दोन लाल तारांपैकी एक सहसा काढून ठेवतात, नाहीतर दोन्ही ईएससींमधले बीईसी, म्हणजे रिसीव्हरला वीज देणारी सर्किटं, एकमेकांशी भांडतात.

ब्रश मोटर असेल तर स्टॉल करंट पाहा. प्रोपेलरमध्ये शेवाळ अडकलं की मोटर थांबते आणि करंट कित्येक पटींनी चढतो. ईएससीची क्षमता त्याहून जास्त हवी, फ्यूज हवाच. ब्रशलेस मोटरचा करंट मात्र प्रोपेलर पाण्यात ठेवूनच मोजावा; हवेतला आकडा फसवा.

गाडीचा ईएससी स्वस्त पडतो, पण बरेचदा आधी ब्रेक लावतो आणि मगच रिव्हर्स देतो. धक्क्याजवळ हा उशीर महागात पडतो. संथ जहाजाला वॉटर कूलिंगची गरज क्वचितच. असलंच, तर घरी आल्यावर नळ्यांतून गोडं पाणी सोडा.