साधा दोलक आणि कृतीतून भौतिकशास्त्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भौतिकशास्त्र शिकवताना वर्गात करून घ्यावयाच्या कृतींविषयी शिक्षक व पालक यांच्यात काही समज रूढ आहेत. साधा दोलक, म्हणजे दोऱ्याला टांगलेला आणि झोके घेणारा लहानसा जड गोळा, एवढे एकच उदाहरण घेतले तरी त्यांची पारख करता येते.

गैरसमज : प्रयोगशाळा नसेल, तर प्रयोग होऊ शकत नाहीत.

वस्तुस्थिती : दोरा, लोखंडी नट, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढ्यावर दोलकाचा प्रयोग होतो. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने ग्रामीण शाळांतील मुलांच्या हाती असेच स्वस्त साहित्य दिले, आणि त्या कार्यक्रमात काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी घडवली.

गैरसमज : प्रयोग डोळ्यांनी पाहिला, की संकल्पना आपोआप समजते.

वस्तुस्थिती : हार्वर्ड विद्यापीठातील २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्रात्यक्षिक नुसते पाहिलेल्या विद्यार्थ्यांचे आकलन ते न पाहिलेल्यांहून फारसे सरस नव्हते, ज्यांनी आधी अंदाज नोंदवला, त्यांचे मात्र वाढले. म्हणून गोळा जड केल्यास झोक्याचा वेळ बदलेल काय, याचे उत्तर प्रत्येकाने आधी वहीत लिहावे आणि मगच दोलक सोडावा. लांबी तीच ठेवली, तर वजन दुप्पट करूनही वेळ बदलत नाही, हे दिसल्यावर अंदाज चुकलेल्या मुलाला कारण विचारावेसे वाटते.

गैरसमज : उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर प्रयोग फसला.

वस्तुस्थिती : टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत १ मीटर लांबी असलेल्या दोलकाचा दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, सुमारे २ सेकंद असतो. घड्याळ थांबवताना ०.२ सेकंद उशीर झाला, तर एकाच दोलनाच्या मापनात १० टक्के चूक होते. तोच उशीर २० दोलनांत विभागला गेला, की चूक अर्ध्या टक्क्यावर येते. आयाम, म्हणजे मधल्या स्थितीपासून गोळा किती दूर नेला ते अंतर, वाढवून दोरा ६० अंशांपर्यंत तिरपा केला, तर दोलनकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. पुस्तकातील सूत्र लहान आयामापुरतेच खरे आहे, ही गोष्ट अशा न जुळणाऱ्या उत्तरातूनच उलगडते.

गैरसमज : कृतींत वेळ जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो.

वस्तुस्थिती : रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या यंत्रशास्त्राच्या चाचण्या तपासल्या. आरंभी न येणाऱ्या भागापैकी व्याख्यानप्रधान वर्गांनी सरासरी २३ टक्के, तर कृती आणि चर्चा यांवर भर देणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के भाग भरून काढला होता. तासिका अपुरी पडत असेल, तर शिक्षकांनी चार प्रयोगांऐवजी एकच घ्यावा. त्यातील अंदाज, मापन आणि चर्चा मात्र वगळू नये.