कुंपण भरतं ते बुडापासून

कोयनेलचं कुंपण लावायचं तर दोन-चार दमदार पाऊस होऊ द्यावेत. जमीन आतपर्यंत भिजली, की आमचे माळीकाका जुन्या कुंपणातून पेन्सिलीच्या जाडीच्या, वीतभर लांब काड्या काढतात. खालचा काप तिरपा, वरचा आडवा. म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. फूटभर खोल चर, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत. काड्या दोन ओळींत, पण समोरासमोर नाही; पहिल्या ओळीतल्या दोन काड्यांच्या मधोमध दुसऱ्या ओळीतली एक. निम्मी काडी मातीत, भोवतीची माती पायाने घट्ट दाबलेली. लावणी एवढीच.

खरी कसोटी पुढे. फुटवे फूटभर वाढतात, येणारे-जाणारे कौतुक करू लागतात आणि नेमके तेव्हाच काका ते निम्म्यावर छाटतात. सोसायटीत कुरकुर होते. काकांचं उत्तर ठरलेलं: ‘‘आत्ता वर जाऊ दिलं तर खाली टक्कल पडेल.’’

त्याचं कारण शेंड्यात असतं. तिथे तयार होणारं ऑक्झिन खाली उतरत राहतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा उडाला की त्यांची अडवणूक संपते. कोयनेलची पानं समोरासमोर येतात, त्यामुळे पेराच्या जरा वर कापलेली फांदी काही दिवसांनी जवळून बघावी: कापलेलं टोक वाळून तपकिरी झालेलं आणि त्याखाली दोन्ही अंगांना हिरवे कोंब. एकाचे दोन, पुढच्या छाटणीत दोनाचे चार.

बाजूंचा कापही महत्त्वाचा. बूड रुंद, माथा अरुंद. लोकांना ओळंब्यात धरल्यासारखी सरळ भिंत आवडते, पण वरचा भाग जरा जरी बाहेर झुकला तरी बुडाशी सावली पडते आणि तिथली पानं गळतात. मग त्या भगदाडातून कुत्री ये-जा करतात. शेळ्यांची मात्र काळजी नाही. कोयनेलचा कडू पाला त्या सहसा खात नाहीत.

काका बांबूंना दोरी ताणून मोठ्या कात्रीने माथा कापतात, जाड फांद्यांना सिकेटर लावतात. यंत्राने काम झटपट होतं हे खरं, पण पातं बोथट असलं तर पानं फाटतात आणि आठवडाभर सगळं कुंपण करपल्यासारखं दिसतं. बुडाशी उघडं पडलेलं जुनं कुंपण गुडघ्याएवढं खाली छाटलं तर पुन्हा फुटतं, पण ते पावसाळ्यातच. एप्रिल-मेच्या उन्हात एवढी छाटणी केली, तर आजवर सावलीत वाढलेली आतली पानं भाजून निघतात.