हळव्या भाताची कैफियत

कोजागरीच्या रात्रीं शहरांतील लोक दूध आटवितात. त्याच आश्विनी पौर्णिमेस कोंकणांतील शेतकरी नवान्न पौर्णिमा म्हणतो. दारावर भाताच्या लोंब्यांचें नवें बांधलें जातें, नव्या तांदुळाचा नैवेद्य देवापुढें ठेवला जातो, आणि मग घरचीं माणसें जेवावयास बसतात. आश्विनांत घरांत येणारा हा तांदूळ हळव्या भाताचा असतो. गरवें भात त्या वेळीं शेतांत हिरवें उभें असतें. परंतु ज्या दाण्यास देवघरांत पहिला मान, तोच दाणा चार दिवसांनीं बाजारांत आला म्हणजे ‘हलका माल’ ठरतो आणि पडत्या भावानें उचलला जातो. हा निवाडा न्यायाचा आहे काय, याचा विचार आमच्या वाचकांनीं, विशेषतः व्यापारी वाचकांनीं, एकदां शांतपणें करावा, एवढ्यासाठींच आजचा हा लेख आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. महाराष्ट्रांत भाताच्या जातींचे तीन वर्ग मानतात. पेरणीपासून सुमारें ११५ ते १२० दिवसांच्या आंत कापणीस येतें तें हळवें; सुमारें १३५ दिवसांपर्यंत येतें तें निमगरवें; आणि त्याहून अधिक काळ घेतें तें गरवें. हा भेद शेतकऱ्याच्या लहरीचा नसून जमिनीचा आहे. सखल, पाणथळ खाचरांत ओल दीर्घकाळ टिकते. तेथें गरवें भात सुखानें पिकतें. उंचावरच्या, उथळ मातीच्या खाचरांतून मात्र पाऊस थांबतांच थोड्याच दिवसांत पाणी निघून जातें. अशा जागीं गरवें लावलें आणि हस्ताचा पाऊस चुकला, तर दाणा भरण्याच्या ऐन वेळीं रोप तहानेनें सुकतें व लोंब्या पोचट राहतात. तेव्हां हळवें भात लावणारा शेतकरी आळशी किंवा अडाणी नव्हे. त्यानें आपल्या जमिनीचा हिशेब बरोबर मांडलेला असतो.

परंतु लवकर पिकणें आणि पुष्कळ पिकणें यांत निसर्गतःच कांहीं विरोध आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. भाताच्या आयुष्याचे तीन भाग पडतात. रोप वाढून फुटवे फुटतात तो पहिला. लोंबीचा गर्भ धरल्यापासून फुलोरा येईपर्यंतचा दुसरा. दाणा भरून पिकतो तो तिसरा. उष्ण प्रदेशांत दुसऱ्या भागास सुमारें ३५ व तिसऱ्यास सुमारें ३० दिवस लागतात, आणि हळव्या-गरव्यांत हें मान फारसें बदलत नाहीं. बदलतो तो पहिला भाग. १०५ दिवसांच्या जातीस वाढीसाठीं अवघे ४० दिवस मिळतात. १४० दिवसांच्या जातीस ७५ मिळतात. ज्याला भांडवल जमविण्यास निम्माच अवधि मिळाला, त्याच्याकडून पेढीवाल्याएवढ्या नफ्याची अपेक्षा कोणी करीत नाहीं. तरीही हळवें भात तितकें मागें पडत नाहीं, मात्र त्याची वेळ सांभाळली पाहिजे. तीन आठवड्यांचें रोप लावणें, आणि गरव्यापेक्षां दाट, म्हणजे दोन्हीं बाजूंनीं सुमारें १५ सेंटिमीटर अंतरावर लावणें, हे दोन नियम येथें मुख्य होत. जुन्या गरव्या जाती दिवस लहान होण्याची वाट पाहून निसवतात, म्हणून लावणीस थोडा उशीर झाला तरी त्या सांभाळून घेतात. हळव्या जाती आपले ठराविक दिवस मोजतात. पाऊस नाहीं म्हणून रोप दोन आठवडे तरव्यांतच अडकलें, तर ते दोन आठवडे त्या चाळीस दिवसांतूनच वजा होतात.

लवकर पिकणाऱ्या भाताची ही कहाणी आजची नव्हे. इ. स. १०१२ मध्यें चीनचा सुंग सम्राट झेनझोंग यानें दुष्काळाच्या प्रसंगीं फूजियान प्रांतांतून चंपा जातीच्या भाताचें तीस हजार मापें बियाणें मागविलें, तें यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांस वांटलें, आणि तें कसें पेरावें याच्या सूचना लोकांस कळविण्याची व्यवस्था केली. ही जात मूळची आजच्या व्हिएतनामच्या भूमीवरील चंपा राज्याची. तिच्यामुळें उंच जमिनीवर भात पिकूं लागलें, आणि पुढें एकाच शेतांत वर्षास दोन पिकें निघूं लागलीं. तरीही तिचा दाणा हलका समजला जाई व तो गरिबाच्या ताटांत पडे. म्हणजे लोकांस तारणारें भात आणि बाजारांत मान नसलेलें भात एकच, हा प्रकार हजार वर्षांचा जुना आहे.

मात्र आतां त्या जुन्या निवाड्यास आधार उरलेला नाहीं. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९६६ मध्यें आयआर-८ ही बुटकी जात दिली. तिनें उत्पन्नाचा उच्चांक केला. परंतु दाणा जाड, पोटांत खडूसारखा पांढरा, गिरणींत तुटणारा, आणि भात निवल्यावर कडक होणारा. तिला सुमारें १३० दिवस लागत. म्हणजे पुष्कळ पिकलें, पण लवकरही नव्हे आणि चांगलेंही नव्हे. तेव्हां संशोधकांनीं पुढील काम हातीं घेतलें. कटक येथील केंद्रीय संस्थेनें याच आयआर-८ चा संकर मद्रासकडील बारीक दाण्याच्या टीकेएम-६ शीं करून १९७० मध्यें ‘रत्ना’ ही जात काढली. ती आयआर-८ हून लवकर येणारी व लांब बारीक दाण्याची निघाली, आणि कोंकणच्या शेतकऱ्यानेंही ती आपली मानली. पुढें १९७६ मध्यें गुरुदेव सिंग खुश यांच्या हाताखालीं आयआर-३६ तयार झाली. सुमारें ११० दिवसांत येणारी व अनेक किडी-रोगांस तोंड देणारी ही जात १९८० च्या दशकांत जगांत एक कोटीहून अधिक हेक्टरांवर पसरली होती. आपल्या घरचें उदाहरण पाहावयाचें तर कर्जतचें भात संशोधन केंद्र १९१९ पासून काम करीत आहे. कर्जत-१८४ व कर्जत-३ या त्याच्या हळव्या जाती शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. तेव्हां ‘हळवें तें हलकें’ हें वचन शास्त्रानें खोटें पाडलें आहे.

मग अडचण कोठें आहे? पहिली अडचण आभाळांत आहे. हवामान खात्यानें २०२० मध्यें मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्यानें ठरविल्या, तेव्हां वायव्य भारतांतून पाऊस परतूं लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. हळवें भात पूर्वी उघाडींत कापलें जाई. आतां तें पुष्कळदां पावसांत सांपडतें. २०१९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रांत वादळ असतां कोंकणांत जो पाऊस झाला, त्यांत उभें व कापलेलें भात भिजून दाण्यास जागच्या जागीं कोंब फुटले, हें आमच्या वाचकांस आठवत असेल. यावरून कांहीं गृहस्थ असा निष्कर्ष काढतात कीं, हळवें भात सोडून द्यावें. हा उपाय म्हणजे गळक्या छपरासाठीं घर सोडण्यासारखा आहे. उंचावरची जमीन पाणथळ होत नाहीं. तिला हळवेंच हवें. शिवाय तें लवकर निघालें कीं जमिनींत ओल शिल्लक असते, आणि त्या ओलीवर रायगडकडे वाल होतो, अलिबागकडे पांढऱ्या कांद्याची वेळ साधते. खरा उपाय हा कीं, संशोधन केंद्रांनीं केवळ दिवस कमी करण्यावर समाधान न मानतां, पिकल्यावर दोन-तीन आठवडे कोंब न फुटूं देणारी सुप्तावस्था ज्या दाण्यांत आहे व जिचें ताट पावसानें लोळत नाहीं, अशा हळव्या जातींस अग्रक्रम द्यावा.

दुसरी अडचण बाजारांत आहे, आणि ती आपल्या हातची आहे. दाण्याचा दर्जा निम्मा जातीनें येतो, निम्मा कापणीनंतर राखला जातो. फुलोऱ्यानंतर सुमारें एक महिन्यानें, दाण्यांत शेंकडा २० ते २२ ओल असतां कापणी झाली, लगेच झोडणी झाली आणि सावकाश वाळवण झालें, तर दाणा अखंड राहतो. भात अति वाळून पुन्हां भिजलें कीं दाण्यास तडे जातात व गिरणींत कणी पडते. जुन्या पद्धतीच्या हलरांत ती अधिकच पडते; रबरी रोलरच्या गिरणींत कमी. आतां सरकारी खरेदींत भाताची ओल शेंकडा १७ च्या वर चालत नाहीं. गरवें भात उन्हांत कापलें जातें, त्यास हा नियम जड नाहीं. पावसाच्या तोंडीं कापलेलें हळवें भात कुडाच्या घरांत कोठें वाळवावें? केंद्रावरून तें परत येतें आणि दारांतल्या दलालास मिळेल त्या भावानें जातें. दर्जासाठीं म्हणावें, तर २०२५-२६ च्या खरीप हंगामांत साधारण भातास क्विंटलमागें २,३६९ आणि अ दर्जाच्या भातास २,३८९ रुपये हमीभाव ठरला. चांगला दाणा पिकविण्याचें बक्षीस क्विंटलास वीस रुपये! एवढ्यासाठीं कोणता शेतकरी जात निवडून, वेगळी कापून, वेगळी वाळवील?

तिसरी गोष्ट बियाण्याची. भात स्वपरागी आहे. संकरित जाती वगळतां त्याचें बी शेतकऱ्यास घरीं राखतां येतें. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास आपलें बी राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. केवळ छापील नांवाच्या वेष्टनांत तें विकतां येत नाहीं. हा हक्क कागदावर पडून आहे. शेतकऱ्याची नजर किती सूक्ष्म असते, हें चंद्रपूर जिल्ह्यांतील दादाजी खोब्रागडे यांनीं दाखवून दिलें. शेतांतील वेगळ्या लोंब्या हेरून त्यांनीं निवडलेलें ‘एचएमटी’ हें बारीक तांदुळाचें वाण आज शहरांतील प्रत्येक वाण्याच्या दुकानांत नांवानें मागितलें जातें. गांवोगांवच्या सहकारी सोसायट्यांनीं एकेक हळवी जात निवडून, भेसळीचीं रोपें उपटून, शुद्ध बियाण्याची एक-दोन शेतें राखलीं, तर तालुक्याची गरज तालुक्यांत भागेल.

तेव्हां हळव्या भाताच्या वतीनें आमची मागणी थोडक्यांत अशी आहे. सरकारनें कोंकणांतील खरेदी केंद्रें हळव्याच्या कापणीबरोबर उघडावीं आणि प्रत्येक केंद्राजवळ वाळवणाची यंत्रें ठेवावीं. ओल अधिक म्हणून माल परत पाठविण्यापेक्षां तो वाळवून घेणें हेंच सरकारचें काम आहे. दर्जाचा फरक मनांत भरेल एवढा ठेवावा. व्यापाऱ्यांनीं हळव्याचा सरसकट एक ढीग न करतां जातवार माल घ्यावा. जाड दाण्याची जात पोह्यास जाऊं द्यावी, बारीक दाण्याची भातास, आणि प्रत्येकीस तिच्या गुणाप्रमाणें दाम मोजावें. यांत व्यापाऱ्याचें नुकसान नाहीं. मिसळलेल्या मालांतून निघणारी कणी त्यालाच भोंवते. आणि शहरांतील गृहिणींनीं येत्या दिवाळीस पोहे व तांदूळ घेतांना दुकानदारास एवढें अवश्य विचारावें कीं, हा कोणत्या जातीचा व कोणत्या गांवचा? ज्या मालास गिऱ्हाईक नांवानें विचारूं लागतो, त्या मालास फार दिवस कोणी हलका म्हणूं शकत नाहीं.