आधी निचरा

पेशंट पालथा, मान उजवीकडे. शिशाचा एप्रन चढवून मी सरांच्या शेजारी उभी. वायर माझ्या हातात. ईआरसीपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी मोकळी करताना, टेक्निशियनचं कसब या वायरीत असतं. जेमतेम एक मिलिमीटर जाडीची ती तार पित्तनळीतल्या कर्करोगाच्या गाठीच्या चिंचोळ्या फटीतून वर सरकवायची. "थोडी मागे... आता फिरव." ती पलीकडे गेली की काकवीसारखं दाट, काळपट पित्त सुटतं.

गाठ यकृताच्या दाराशी, डाव्या-उजव्या नळ्या मिळतात तिथे असेल तर कुठली फांदी मोकळी करायची हे आदल्या दिवशीच एमआरसीपीवर, म्हणजे पित्तनळ्यांच्या एमआरआयवर, ठरतं. यकृताच्या निम्म्याहून जास्त भागाचा निचरा व्हावा, हा हिशोब. ज्या फांदीत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी, पडणार नाही तिथे डाई सोडायची नाही. कोंडलेल्या पित्तात जंतू गेले की रात्री थंडी-ताप ठरलेला.

प्लास्टिकचा स्टेंट स्वस्त, बदलता येतो, पण तीनेक महिन्यांत तुंबतो. धातूचा आत गेल्यावर आठ-दहा मिलिमीटरपर्यंत फुलतो, जास्त टिकतो. मात्र आवरण नसलेल्या जाळीतून गाठ आत वाढते आणि तो सहसा काढता येत नाही.

नातेवाइकांना हवा असतो 'लेझर'. फोटोडायनॅमिक उपचारात शिरेतून औषध देऊन दोन दिवसांनी नळीत ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. मग महिनाभर तरी ऊन वर्ज्य. आपल्याकडच्या उन्हात, आयुष्याचे मोजके महिने हातात असताना, ही किंमत मला जड वाटते. दुसरा पर्याय रेडिओफ्रिक्वेन्सी; त्यात ती भानगड नाही. त्याच वायरीवरून कॅथेटर नेऊन दीड-दोन मिनिटं गाठ भाजायची, बलूनने मेलेला भाग ओढून काढायचा, वर स्टेंट.

आकडे मात्र गोंधळात टाकतात. २००३ च्या जर्मन अभ्यासात प्रकाश आणि स्टेंट मिळून पेशंट जगले मध्यमान ४९३ दिवस, नुसत्या स्टेंटने ९८. पण त्यात स्टेंट टाकूनही कावीळ न उतरलेलेच पेशंट निवडले होते! २०१८ मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत उलटंच झालं: प्रकाशवाल्यांना ६.२ महिने, नुसत्या स्टेंटवाल्यांना ९.८. रेडिओफ्रिक्वेन्सीने चीनमधल्या काही चाचण्यांत आयुष्य वाढलं, इतरत्र फरक दिसला नाही.

म्हणून सर विचारणाऱ्याला एवढंच सांगतात, "आधी बिलिरुबिन, म्हणजे कावीळ, उतरू दे. खाज थांबेल, भूक लागेल, केमो सुरू करता येईल. भाजायचं की नाही, ते मग पाहू."