वाघिणीच्या पोटात काय होतं?

फेब्रुवारी २०२१. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी याचिकाकर्तीला विचारलं, मेलेली वाघीण नरभक्षक होती की नव्हती, हे शवविच्छेदनावरून कसं ठरवायचं? उत्तर आलं की माणसं खाणाऱ्या वाघाच्या आतड्यात नखं, केस सहा महिने राहतात. या वाघिणीचं पोट रिकामं होतं. प्रश्न विचारणारे नागपूरचे आणि वाघीण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर एका जनावराच्या आतड्यांची चर्चा चालली होती, आणि मला ती त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटली.

वाघापेक्षा वाघाच्या कागदांचा नाद मला जुना आहे. आमच्या कळंबला बाहेरचा माणूस येतो तो चिंतामणी गणपतीसाठी. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या देवळात जातो, बारा वर्षांनी कुंडात गंगा येते ती कथा ऐकतो आणि यवतमाळची नाहीतर नागपूरची गाडी पकडतो. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात कळंब हे एका सरकारचं ठिकाण होतं, हे अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, तेही आता कुणी विचारत नाही. राळेगावच्या बाजूला जंगल सुरू होतं. मधे वावरं, पऱ्हाटी, तूर, पुन्हा झुडपी जंगल, पुन्हा वावरं. नकाशावर जंगल आणि शेती वेगवेगळ्या रंगांत दाखवता येतात. पायी चालताना त्यांची सीमा सापडत नाही. गुरांना ती सापडत नाही आणि वाघालाही नाही.

त्या वाघिणीची, म्हणजे अवनीची, गोष्ट वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. जून २०१६ मध्ये राळेगाव तालुक्यातल्या बोराटीत वावरात एक महिला मारली गेली. पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत राळेगाव, कळंब, केळापूर या तालुक्यांच्या पट्ट्यात तेरा बळी गेले. ऑगस्ट २०१८ या एका महिन्यात तिघं. वन विभागाच्या कागदांत ती टी-१. शहरांतल्या प्राणिप्रेमींनी तिला अवनी केलं. बोराटी-लोणीत ती नुसती ‘वाघीण’. तिला दोन बछडी होती. ११ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने मारण्याच्या आदेशात हात घालायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ असगर अली खान यांच्या गोळीने ती पडली. लोणीच्या परिसरात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मुंबईत मेणबत्त्या लागल्या, मोर्चे निघाले. मनेका गांधींनी या मारण्याला निर्घृण खून म्हटलं, वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. २०२१ मध्ये ‘शेरनी’ हा चित्रपट आला, त्याला या प्रकरणाची पार्श्वभूमी होती.

तिला गाठण्याच्या मोहिमेचे तपशील मात्र कुणी नीट लावून पाहिले नाहीत. वाघिणीला भुलवायला कॅल्व्हिन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ नावाचं पुरुषांचं अत्तर झुडपांवर शिंपडलं गेलं. त्यात मांजरवर्गीयांना ओढणाऱ्या कस्तुरीसारख्या गंधाचा अंश असतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातल्या प्रयोगांत चित्ते त्या वासाशी सर्वाधिक रेंगाळले होते. ड्रोन आले, उष्णता टिपणारे कॅमेरे आले, गोल्फपटू ज्योती रंधावा यांची केन कोर्सो जातीची इटालियन कुत्री आली, मध्य प्रदेशातून हत्ती आले. आणि झाडांना आमिष म्हणून बोकड व घोडे बांधले गेले.

या बोकडांसाठी एकही मेणबत्ती लागली नाही. लागायला हवी होती असं मी म्हणत नाही. पण वाघिणीवर दया करणाऱ्यांना आणि तिच्यावर गोळी रोखणाऱ्यांना, दोघांनाही बोकड दिसलाच नाही. बांधलेलं जनावर रात्रभर जंगलात मान ताणून ओरडतं, कारण त्याचं ओरडणं हेच त्याचं काम असतं. ते साधन होतं, दोरीसारखं. ज्याला आपण रविवारी किलोने घेतो, त्याला वाघाच्या वाटेवर उभं केलं की तो नजरेआड होतो, ही माझ्या मते या प्रकरणातली पहिली विसंगती.

दुसरी हत्तीची. ऑक्टोबर २०१८ च्या सुरुवातीला मोहिमेतल्या एका हत्तीने साखळी तोडली आणि चहांद गावात एका महिलेला चिरडलं. हत्ती परत पाठवला गेला. त्याच्यामागे बंदूकधारी पाठवावेत असं कुणाला सुचलं नाही. मृत्यू तोच, घरातलं रडणंही तेच. पण हत्तीने खाल्लं नाही, आणि आपल्या अंगाला काटा येतो तो खाल्लं जाण्याने.

ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक व्हॅल प्लमवुड यांनी याच काट्यावर आयुष्यभर विचार केला. फेब्रुवारी १९८५ मध्ये काकाडू राष्ट्रीय उद्यानात होडीतून जाताना मगरीने त्यांना धरलं, पाण्याखाली तीनदा फिरवलं, आणि त्या वाचल्या. नंतर त्यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा की, आपण अन्नही आहोत हे मान्य करणं आधुनिक माणसाला सर्वांत जड जातं. आपण खाणारे, बाकी सगळे खाल्ले जाणारे, अशी एकेरी वाट आपण आखून ठेवली आहे. त्यांच्या मगरीवर सूड उगवायला निघालेल्यांना मात्र त्यांनी विरोध केला. बोराटीच्या माणसाला हे पुस्तकी वाटेल. त्याला रोज त्याच मगरीच्या पाण्यात उतरायचं असतं; प्लमवुडबाई इस्पितळातून घरी परतल्या होत्या.

आता पोटाकडे. शवविच्छेदन नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात झालं. पोट आणि आतड्यांत अन्न नव्हतं, द्रव आणि वायू होता; म्हणजे ती काही दिवस उपाशी होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत गोळी झाडण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे आले. गुंगीचा बाण नंतर हाताने टोचल्याचा संशयही अहवालात नोंदवला गेला, आणि ते गंभीरच आहे. पण याचिकेचा भर पोटावर होता, आणि तिथे मला राग येतो. वाघाचं आतडं आखूड असतं. खाल्लेलं दोन-चार दिवसांत बाहेर पडतं. अभ्यासक वाघाच्या विष्ठेतले केस धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि त्यांच्या आतल्या नक्षीवरून सांभर, रानडुक्कर की गाय ते ओळखतात. सहा महिने केस पोटात बसून राहिले असते, तर त्या शास्त्राला कामच उरलं नसतं. उलट त्या रिकाम्या पोटातून एकच गोष्ट सिद्ध होत होती: महिनोन्‌महिने माणसं, हत्ती, ड्रोन आणि कुत्री मागे लागलेली, बछडी सांभाळणारी आई शिकार करू शकत नव्हती. वाघाच्या दहा-वीस झेपांतली एखादीच साधते. पूर्ण वाढीचा वाघ वर्षाला पन्नासच्या आसपास मोठी जनावरं मारतो आणि बछड्यांच्या आईला त्याहून जास्त लागतात, असं उल्लास कारंथ यांच्यासारखे अभ्यासक सांगतात. हे गणित शहरातल्या कुठल्याही मोर्च्याच्या फलकावर आलं नाही. मारलं तर वाघीण क्रूर, उपाशी राहिली तर निष्पाप. ती पोट भरण्यासाठी कुणालातरी मारतेच, ही तिसरी ओळ दोन्ही बाजूंना नको होती.

महिना संपायच्या आतच न्यायालयाने ते न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरण थांबवलं; मारण्याची मुभा स्वतः न्यायालयानेच दिली होती, मग अवमान कसला. पोटाचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर ज्या कागदात नीट असतं, तो कागद वेगळाच. वाघाने गाय किंवा बैल मारला की वनरक्षक येऊन पंचनामा करतो. पंच, जागा, झाडाची खूण, गळ्यावरचे दात, कुठला भाग खाल्ला. पशुवैद्यकीय अधिकारी वय आणि किंमत ठरवतो. रंग, शिंगं, दावं. ज्याला मालकाने नावाने हाक मारली तो बैल इथे ‘पांढरा, अंदाजे सात वर्षे’ होतो. घटना ४८ तासांत कळवली पाहिजे आणि मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. एक अट तर मला अनेक वर्षं खिळवून आहे: त्या ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या परिसरात पुढच्या सहा दिवसांत एकही वन्यप्राणी मेलेला नसावा. का, ते स्पष्ट आहे. रागावलेला शेतकरी उरलेल्या मांसात विष घालेल, ही शासनाची भीती. म्हणजे भरपाई हवी असेल, तर वाघाने आपला बैल सुखाने संपवायला हवा आणि तो पचवून जिवंतही राहायला हवा. महाराष्ट्राच्या सगळ्या वन्यजीव साहित्यात इतकं प्रामाणिक वाक्य मला दुसरं सापडलेलं नाही. एक जीव दुसऱ्याच्या पोटात जातो आणि त्याला किंमत असते, हे सरकारी मराठीत लिहून ठेवलं आहे.

हे ज्यांच्या अंगणात घडतं, त्यांची अडचण गेल्या काही वर्षांत वाढली. गोवंश हत्याबंदीचा कायदा १९७६ चा. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. पूर्वी थकलेला बैल बाजारात जायचा, त्या पैशांत थोडी भर घालून नवा यायचा. आता थकलेला बैल दावणीला असतो नाहीतर जंगलाच्या कडेला सोडलेला. सुरीचा हात कायद्याने धरला, पण म्हातारपण धरता आलं नाही. मधला खड्डा वाघ भरतो, कधी त्या बैलाच्या मागे गेलेल्या ढोरक्यासकट. ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस मेलेला त्या मालिकेतला तेरावा माणूस गुरं चारायलाच गेला होता.

मांस कुठून येतं ते न दिसण्याच्या दुराव्याचा दोष आपण चटकन शहराला देतो. मुंबईचा कत्तलखाना १९७१ मध्ये वांद्र्याहून देवनारला गेला, मटण काळ्या पिशवीतून आणि नंतर प्लास्टिकच्या डब्यातून यायला लागलं, आणि मुलांना कोंबडीला पाय असतात हे चित्रातून कळू लागलं. खरं आहे. पण गाव तरी मांसाच्या जवळ कधी होतं? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांमध्ये मुलाणा आहे. बकऱ्यावर सुरी त्याने फिरवायची. मांस खाणाऱ्याने हात स्वच्छ ठेवायचे. मेलेलं ढोर ओढायचं महाराने, कातडं सोलायचं त्याने किंवा चांभार-ढोराने, आणि उरलेलं मांस त्या वस्तीच्या वाट्याला. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये आणि शाहू पाटोळ्यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये ते जग उघडं आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, कारण गावाला ज्या कामाची गरज होती, त्याच कामासाठी गाव त्या वस्तीला बाटलेली ठरवत होतं. मांस कुठून येतं हे जाणणाऱ्याला आपण गावकुसाबाहेर बसवलं. दुरावा शहराने शोधला नाही. त्याने जातीची वाटणी फक्त प्लास्टिकमध्ये बांधली.

त्या वाटणीत गिधाडंही होती. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन ती कोसळली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. आता माळावर पडलेलं ढोर कुत्री आणि रानडुकरं खातात, आणि त्या वासाने वाघ गावाच्या अधिक जवळ येतो.

विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याला पुरणपोळी आधी त्याला, मग घराला. दुसऱ्या दिवशी कर. मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांग लागते, बोकड हुकला टांगलेला असतो, खाटिकाला ‘मांडीचं दे’ सांगितलं जातं. कळंबच्या बाजारात मी दरवर्षी ती रांग पाहतो आणि त्यात उभाही राहतो. एका जनावराला नैवेद्य आणि दुसऱ्याचं कालवण, चोवीस तासांच्या आत. आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. मला हे ढोंग वाटत नाही. रांगेतल्या माणसाला समोर टांगलेलं काय आहे ते नीट दिसत असतं. अवघड जागा आहे ती न दिसण्याची, आणि ती सोय आपण शहर, कायदा आणि जात या तिघांकडून करून घेतली आहे.

म्हणून पुढच्या वाघिणीच्या वेळी (आणि ती येणारच; टिपेश्वर अभयारण्याच्या १४८ चौरस किलोमीटरमध्ये वाढलेली बछडी कुठेतरी निघणारच) तिच्या पोटात काय होतं यावर न्यायालयात वेळ घालवण्यात अर्थ नाही. तिच्या पोटात कुणाचातरी बैल असेल. विचारायचं ते त्याच्या मालकाबद्दल. शासनाच्या नियमात मेलेल्या जनावराला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी असेल ते मिळतं. उरलेला किमान चौथा हिस्सा राळेगाव-कळंबकडचा शेतकरी स्वतःच्या खिशातून भरतो. वाघ जगवण्याचा तो त्याचा कर आहे. त्यासाठी त्याला कुणी विचारलेलं नाही आणि त्याची पावतीही त्याला मिळत नाही. मेणबत्त्या लावणाऱ्यांनी तो चौथा हिस्सा भरायला घेतला, तर त्यांचं वाघावरचं प्रेम बोराटीतसुद्धा ऐकून घेतलं जाईल.